दीडशेचं तिकीट नेमकं कशाचं?

आमच्या ग्राहक अभ्यासगटात दर महिन्याला कुणीतरी एक प्रकरण मांडतं. बहुतेकदा विषय विम्याचा नाहीतर बिल्डरचा असतो. या वेळी मी घरचंच प्रकरण घेतलं. एकूण रक्कम ८५० रुपये. "एवढ्यासाठी दोन तास बसायचं?" असं एकानं विचारलंही. शेवटी बसलो अडीच तास.

मावशीच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या गच्चीवर गुलाबाच्या ३६ कुंड्या आहेत. दसरा-दिवाळीच्या दरम्यान ती छाटणी करते. मग दीड महिना त्या कुंड्यांपाशी कुणी रेंगाळलं तरी तिला खपत नाही, आणि बहर आला की ओळखीपाळखीच्या सगळ्यांना गच्चीवर चहा. अशा बाईच्या हाती जानेवारीत एक पॅम्फलेट पडलं, पेपरात घालून आलेलं. शहरातल्या एका मोठ्या मैदानावर तीन दिवसांचं खासगी उद्यान-प्रदर्शन. 'एकाच छताखाली ५०० प्रकारचे गुलाब', 'भव्य बोन्साय दालन', 'तज्ज्ञांचं मार्गदर्शन', 'प्रत्येक तिकिटावर बियाण्यांचं पाकीट मोफत', 'डोळ्यांचं पारणं फिटेल'. हे वाक्यन् वाक्य पुढे कामी आलं, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

मावशीच्या डोळ्यांसमोर होता महापालिकेचा पुष्पोत्सव. राजीव गांधी भवनाच्या आवारात तो भरतो, हे नाशिककरांना सांगायला नको. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास होणाऱ्या पुष्पप्रदर्शनालाही ती दोनदा जाऊन आली आहे, तिकीट काढून. म्हणजे फुलं बघायला पैसे कसले, असं म्हणणाऱ्यांतली ती नाही. प्रकरण समजून घेताना ही गोष्ट महत्त्वाची, कारण प्रदर्शनवाल्यांनी पुढे तोच सूर लावला, "लोकांना सगळं फुकट पाहिजे असतं."

आम्ही चौघं गेलो. मावशी, मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. रविवार, शेवटचा दिवस, दुपारचे चार. फाटकावर तिकीट १५० रुपये, पाच वर्षांपुढच्या मुलांना पूर्ण. पॅम्फलेटवर दर कुठेच नव्हता. 'अल्प प्रवेशशुल्क' एवढंच. पार्किंगचे ५० वेगळे. तिकीट म्हणून मनगटाला कागदी पट्टा, त्यावर बारीक इंग्रजीत 'पैसे परत मिळणार नाहीत'. पट्टा बांधायच्या आधी प्रत्येकाचा मोबाइल नंबर टॅबमध्ये भरून घेत होते. कशाला, असं मी विचारलं. "सिस्टिम पुढे जात नाही सर," असं उत्तर आलं.

आत शिरल्यावर पहिला स्टॉल मॉड्युलर किचनचा. दुसरा पाय दाबायच्या मशीनचा. तिसऱ्यावर एक मुलगा एकाच किसणीनं काकडी, गाजर आणि बटाटा असे काही किसून दाखवत होता की मावशी तिथे पाच मिनिटं रमली, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. मग गाद्या, सोलर, इमिटेशन दागिने, पापड-लोणची, एनए (बिगरशेती) प्लॉट. मला मोजायची खोड आहे. एकूण स्टॉल ६४. त्यांत रोपं, बी, खतं, कुंड्या, अवजारं असं बागेशी नातं सांगणारे ११.

गुलाब मंडपाच्या टोकाला होते. लांबच लांब टेबलं, हिरवं कापड, काचेच्या बाटल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. लांबून दृश्य झकास. जवळ गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, या गुलाबाला टोपी का घातलीय?"

खरंच घातली होती. कळीवर नायलॉनची बारीक पांढरी जाळी. पॉलिहाऊसमध्ये कळी मोठी आणि बांधेसूद व्हावी म्हणून चढवतात ती बड कॅप. काढायची राहून गेली होती. मावशीनं चष्मा वर केला आणि अख्खं टेबल पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं. दांडे सगळे एका मापाचे, छडीसारखे सरळ. खालचे काटे सोललेले. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊसमध्ये जो लाल गुलाब होतो, व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात जो गाड्या भरभरून जातो, तोच हा. चिठ्ठीवर मात्र 'ग्लॅडिएटर'. मावशीनं वाकून वास घेतला. वास नाही. "ग्लॅडिएटर माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून घरात आहे," ती म्हणाली. "तो खोलीत ठेवला तर दारातून कळतो. हा ताजमहाल आहे, नाहीतर त्याचा भाऊ." ताजमहाल ही पॉलिहाऊसमधल्या लाल गुलाबाची एक जात. पुढच्या बाटलीत तेच फूल, चिठ्ठीवर दुसरं नाव. मी चिठ्ठ्या मोजल्या, ७३ भरल्या. त्यांतली नऊ नावं दोनदा आली होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घरगुती स्पर्धकांची फुलं होती. ती खरी, पण मान टाकलेली. बाटल्यांतलं पाणी गढूळ, खाली पाकळ्यांचा सडा. बक्षिसाची पट्टी लावलेल्या एका बाटलीत नुसता देठ.

बोन्साय दालनात १४ झाडं होती आणि ती चांगली होती. एक पिंपळ तर फार सुरेख, मुळांनी दगड कवटाळलेला. तो सांभाळणारे गृहस्थ मुलीशी अगदी मन लावून बोलले. म्हणजे सगळंच टाकाऊ होतं असं नाही.

तज्ज्ञांचं मार्गदर्शन २०० रुपये जादा देऊन होतं. 'गुलाब छाटणी कार्यशाळा', पाऊण तास. मावशीनं पैसे भरले. पहिली दहा मिनिटं छाटणी, उरलेला वेळ एका टॉनिकची बाटली, 'एक झाकण एक लिटर पाण्यात'. मावशीनं विचारलं, खुंटाचा, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम करतात त्याचा, फुटवा कसा ओळखायचा? तज्ज्ञ म्हणाले, "सोपं आहे, सात पानं म्हणजे जंगली, पाच पानं म्हणजे चांगला." हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे आणि ते भरवशाचं नाही. सात पर्णिका कितीतरी चांगल्या जातींनाही येतात. फुटवा डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून निघालाय की वरून, हे माती जरा बाजूला सारून बघावं लागतं. मावशी काही बोलली नाही. तिचं न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

मोफत बियाण्यांचं म्हणाल, तर पट्ट्याबरोबर एक कूपन होतं. ते घेऊन ३७ नंबरच्या स्टॉलवर जायचं आणि ५०० रुपयांची खरेदी केली तर पाकीट मिळणार. त्या स्टॉलवर निळ्या गुलाबाचं बी विकायला होतं, पाकिटावर शाईसारखं निळंशार फूल. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्यच नसतं. जपानच्या सनटोरी कंपनीनं जनुकं घालून ते आणवलं, २००४ साली जाहीर केलं, २००९ मध्ये बाजारात आणलं, आणि तरीही ते फूल जांभळटच. इथे ते ४० रुपयाला पाकीट. शिवाय गुलाबाचं बी लावलं तरी त्यातून मूळ जातीसारखंच झाड येत नाही. म्हणूनच तर डोळे भरतात.

निघताना मुलीनं हट्ट करून एक कॅक्टस घेतला. मुठीएवढा, डोक्यावर पिवळं फूल. १८० रुपये. गाडीत तिनं फुलाला हात लावला तर ते करकरीत, कागदासारखं. खाली पारदर्शक थेंब गोठलेला. ग्लू गन. वाळवलेलं फूल कॅक्टसवर चिकटवून दिलं होतं.

इथपर्यंतची हकीगत ऐकल्यावर अभ्यासगटात दोन तट पडले. एक म्हणे उघड फसवणूक आहे. दुसरा म्हणे जत्रा आहे, जत्रेत असंच असतं, दीडशे रुपयांत काय ताजमहाल दाखवणार? (दाखवला होता, हाच तर मावशीचा मुद्दा!) दोन्ही बाजूंना मला एकच विचारायचं होतं. तिकीट कशाचं होतं?

याचं निम्मं उत्तर त्याच दिवशी मिळालं होतं. ११ स्टॉलांपैकी एक मखमलाबादकडच्या नर्सरीवाल्याचा होता. मावशीनं त्याच्याकडून मोगऱ्याची दोन रोपं घेतली आणि सहज विचारलं, "काय भाऊ, धंदा झाला का?" तो हसला. "ताई, तीन दिवसांचं भाडं अठरा हजार. एका रोपामागे माझे सुटतात तीस. सहाशे रोपं विकली तर भाडं निघतं, गाडीभाडं आणि पोरांची मजुरी वेगळीच. आतापर्यंत दोनशे गेली असतील. पुढच्या वर्षी काय मी येत नाय."

हे गणित कागदावर मांडलं की सगळं प्रदर्शन उलगडतं. किचनवाल्याचं एक गिऱ्हाईक पक्कं झालं की भाडं वसूल. प्लॉटवाल्याला तर नुसते फोन नंबर मिळाले तरी पुरतं. नर्सरीवाल्याला मात्र सहाशे रोपं हातानं उचलून द्यावी लागतात. सगळ्यांना भाडं एकच ठेवलं की दरवर्षी बागवाले गळत जाणार आणि त्यांच्या जागी किसणी येणार. त्यात फाटकावर दीडशे लावले, की येता-जाता आत डोकावून दोन रोपं घेणारा माणूस बाहेरच थांबतो. नर्सरीवाल्याचं खरं गिऱ्हाईक तेच. राहिलं नाव. नाव बागेचंच ठेवावं लागतं, कारण गाद्या बघायला तिकीट काढून कोण येईल?

म्हणजे प्रदर्शनवाल्यांनी दोन्हीकडून पैसे घेतले. स्टॉलवाल्यांकडून गर्दी दाखवून आणि गर्दीकडून गुलाब दाखवून. हा काही गुन्हा नव्हे. मैदानाचं भाडं, मंडप, जनरेटर, अग्निशमनाच्या आणि पोलिसांच्या परवानग्या, स्वच्छतागृहं, या सगळ्याला पैसा लागतो. पण ज्या बाजारात हिंडायचे आपण पैसे मोजतो, तिथे त्या पैशांच्या बदल्यात बाजाराखेरीज आणखी काहीतरी मिळायला हवं. इथे ते काहीतरी म्हणजे ते ५०० गुलाब.

मग आम्ही पॅम्फलेट घेऊन बसलो आणि त्यातली वाक्यं दोन ढिगांत लावली. 'डोळ्यांचं पारणं फिटेल', 'भव्य', 'अविस्मरणीय' हा एक ढीग. ही विक्रेत्याची बढाई. हिच्यावर तक्रार चालत नाही, कारण भव्य म्हणजे किती फूट हे कुणी ठरवायचं? दुसऱ्या ढिगात मोजता येणारी वाक्यं. ५०० प्रकार म्हटलं आणि चिठ्ठ्या निघाल्या ७३. पाकीट मोफत म्हटलं आणि त्याला ५०० रुपयांच्या खरेदीची अट निघाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचं खोटं वर्णन करणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे. फुकट नसलेली वस्तू फुकट असल्याचं भासवणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. विश्वासानं दिलेली खासगी माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणं हीसुद्धा. त्याच्याकडे शेवटी येतो.

'पैसे परत मिळणार नाहीत' या छापील ओळीला बहुतेक लोक घाबरतात. ती ओळ म्हणजे विक्रेत्याची इच्छा. सेवाच जाहिरातीप्रमाणे दिली नसेल तर तेवढ्या एका ओळीनं तो मोकळा होत नाही.

पुरावा काय होता? पट्टे आम्ही गाडीतच फाडून टाकले होते, हा पहिला मूर्खपणा. पॅम्फलेट वाचलं कारण मावशीनं त्याच्यावर मेथी निवडली होती आणि ते अजून रद्दीत गेलं नव्हतं. तिकिटाचे आणि कार्यशाळेचे पैसे मी यूपीआयनं दिले होते, त्याची नोंद मोबाइलवर. बड कॅपवाल्या गुलाबाचा फोटो मुलीनं काढलेला, थोडा हललेला, पण चिठ्ठी वाचता येते. एवढ्यावर भागलं.

आता आमच्या बाजूचं. शेवटच्या दिवशी दुपारी चारला गुलाब बघायला जाणं ही चूक होती आणि ती मावशीच्या हातून व्हावी याचं मला नवल वाटतं. फूल अर्ध्या-पाऊण उमललेलं असताना सकाळी कापून आणतात, परीक्षण पहिल्या दिवशी होतं, आणि बाटलीतलं फूल नाशिकच्या दुपारच्या उन्हात मंडपाखाली तिसरा दिवस बघत नाही. मान टाकलेल्या फुलांचा दोष प्रदर्शनवाल्यांना देता येत नाही, म्हणून तक्रारीतून आम्ही तो मुद्दा काढला. मावशीला ते पटलं नाही. "मग तिसऱ्या दिवशी तिकीट निम्मं करा," ती म्हणाली. "शिळी भाजी पण संध्याकाळी उतरवून देतात." यावर मला उत्तर सुचलं नाही. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर मांडलेली झाडंच विकायला काढतात आणि लोक हातभर डेल्फिनियम कवेत घेऊन रस्त्यानं घरी जातात. उशिरा आलेल्याला तेवढं तरी मिळतं.

पार्किंगचे ५० आम्ही मागितले नाहीत. गाडी लावली होती, कुणी ओरखडा काढला नाही, व्यवहार पूर्ण झाला. कॅक्टसचा विक्रेता वेगळा, त्याचं बिल नाही, तो मुद्दाही सोडला. मागणी उरली ८०० रुपयांची, तिकिटांचे ६०० आणि कार्यशाळेचे २००. पत्र एक पान. त्यात 'मनस्ताप' हा शब्द घालायचा मोह मी टाळला. ७३, ५०० आणि कूपनाची अट एवढंच लिहिलं, उत्तराला १५ दिवस दिले आणि ईमेल व स्पीड पोस्ट दोन्हीनं पाठवलं. १५ दिवस काहीच नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी फोन आला.

फोनवरचा माणूस सभ्य होता. त्याचं म्हणणं, ५०० प्रकारांची बोलणी झाली होती, पण ऐनवेळी बाहेरगावची मंडळी आली नाहीत. असेल. पण मग फाटकावर तसा बोर्ड का लावला नाही? यावर, "मॅडमना पुढच्या वर्षीचे चार व्हीआयपी पास देतो." मावशी शेजारीच बसली होती. तिनं हातानंच नको म्हटलं आणि हळूच पुटपुटली, "जे बघायला पैसे दिले तेच पुन्हा दाखवणार?" शेवटी कार्यशाळेचे पूर्ण २०० आणि तिकिटांचे निम्मे ३००, असे ५०० रुपये परत द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते जमाही झाले.

अभ्यासगटात सगळ्यात जास्त वाद यावर झाला. तक्रार दाखल करायला दोन वर्षांची मुदत होती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. मग ३०० रुपये सोडले का? एक ज्येष्ठ सदस्य तर चिडलेच, अशा तडजोडींमुळेच यांचं फावतं म्हणाले. त्यांचं तत्त्व बरोबर आहे. पण मावशी ७१ वर्षांची आहे आणि तारखांना जायचं होतं तिला. तिनं बोन्सायची १४ झाडं, किसणीची पाच मिनिटं आणि नर्सरीवाल्याची ओळख यांचे ३०० रुपये लावले आणि हिशेब मिटवला. मला हा हिशेब पटतो. कुठला भाग मिळाला आणि कुठला नाही हे तिनं स्वतः ठरवलं. 'गुडविल' म्हणून समोरून आलेली रक्कम मुकाट घेतली नाही.

मखमलाबादचे भाऊ फेब्रुवारीत एका रविवारी मावशीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पो घेऊन आले. दोन तासांत ९० रोपं गेली.

आणि त्या टॅबमध्ये भरलेला नंबर. मार्चपासून मावशीला फोन येतायत. आधी किचनवाले, मग सोलरवाले. परवा मी तिच्याकडेच होतो तेव्हा प्लॉटवाल्यांचा आला. "मॅडम, तुम्ही गार्डन शोला आला होतात ना? पाथर्डी फाट्याच्या पुढे एनए प्लॉट आहेत, एकदा साइट व्हिजिट…" मी फोन ठेव म्हणून खुणा करत होतो. मावशीनं माझ्याकडे पाठ केली.

"माती कशी आहे तिथली?" तिनं विचारलं. "काळी आहे की मुरमाड?"

पलीकडची मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "एक मिनिट हां मॅडम, सरांना विचारते."